मृगाआधी लाकूड, दिवाळीनंतर रंग: फ्लॅटमधली इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार करायला कारखाना लागत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत ती होते. चार फुटी जड टेबल, ट्रिम राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारं हातातलं यंत्र), जिगसॉ, बरं ड्रिल, रंधा, दोन पटाश्या, डझनभर सी-क्लॅम्प आणि स्टीलची मीटरपट्टी एवढ्यावर काम निघतं. खरी आडकाठी हवेची. शिकण्यासाठी जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक कोरड्या हवेच्या गावांतले. त्यातलं वेळापत्रक खाडीकाठी जसंच्या तसं चालवलं की नेक, म्हणजे गिटारची दांडी, वाकते, फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या आडव्या तारांची) टोकं बोटाला लागतात आणि लॅकरच्या चकचकीत थरावर पांढरी साय धरते. मग दोष लाकडावर नाहीतर रंगवाल्यावर जातो.

हिशेब साधा आहे. ३० अंश तापमानात हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकूड हळूहळू १७ टक्क्यांच्या पुढे ओलावा धरून बसतं. तीच आर्द्रता ६५ टक्के झाली की लाकूड १२ टक्क्यांच्या आत येतं. जुलै आणि जानेवारी यांच्यात हा एवढा फरक. म्हणून होळीनंतर लाकूड आणायचं, कापणं-जोडणं मृगाच्या आत उरकायचं, पावसाळ्यात वायरिंग करायचं आणि रंगाला दिवाळीनंतरच हात घालायचा. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र) हे या कामातलं पहिलं हत्यार, राउटरच्याही आधी घ्यावं असं.

पहिलीच गिटार असेल तर स्क्रूने बसणारी नेक, न हलणारा ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि ६४८ मिलिमीटरची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, फेंडर या अमेरिकन कंपनीची साडेपंचवीस इंची, एवढंच ठरवावं. चिकटवलेली नेक आणि तिचा मागे झुकलेला कोन हे दुसऱ्या-तिसऱ्या गिटारसाठी ठेवावं. स्क्रूची नेक चुकली तर काढून दुसरी करता येते.

लाकडाच्या वखारीत गेलं की ‘एकदम ड्राय माल आहे’ हे ऐकायला मिळणारच. दोन टोचण्यांचा ओलावा-मीटर सोबत ठेवावा. फळीची टोकं आधी वाळतात, म्हणून मीटर टोकाला न लावता मध्यावर टोचायचा. १२ च्या वर आकडा दिसला तर फळी घरी आणून, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी दोन-तीन महिने आडवी रचायची. भिंतीला टेकवून उभी केली की तिला हमखास वाक येतो.

मुंबईत रे रोडच्या वखारींत सागवान, महोगनी, अ‍ॅश, स्टीम बीच आणि कधीकधी हार्ड मेपल बघायला मिळतं. ठाण्यात आणखी एक झरा आहे. नौपाडा-पाचपाखाडीत जुन्या इमारती पाडल्या जातात, तेव्हा सागाची दारं आणि चौकटी निघतात. कित्येक दशकं मुरलेलं असं लाकूड सहसा हलत नाही. फक्त राउटर लावण्याआधी फळीवर इंचाइंचाने लोहचुंबक फिरवावं. आत तुटून राहिलेल्या एका चुकेने कार्बाइडचा बिट जातो, आणि उडालेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

सागाचे दोन त्रास आहेत. पहिला वजनाचा. सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो आणि स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, आकाराची बॉडी चारेक लिटर लाकडाची. म्हणजे नुसती बॉडी अडीच किलोच्या वर, आणि नेक, ब्रिज, ट्यूनर धरून गिटार चार किलोच्या घरात. ती खांद्यावर दोन तास झेपायची असेल तर पिकगार्डखालचं (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखालचं) लाकूड पोखरून टाकावं. दुसरा त्रास तेलाचा. सागाच्या अंगात तेल असतं आणि ते गोंद धरू देत नाही. जोडाच्या कडा रंध्याने ताज्या करायच्या, अ‍ॅसिटोनने फडकं डागाळणं थांबेपर्यंत पुसायच्या आणि लगेच गोंद लावायचा. ‘जेवून येतो आणि लावतो’ म्हटलं की तेल परत वर येतं. तूण मिळालं तर ते हलकं असतं आणि कापायला सुखाचं. सतारीची दांडी तुणाची किंवा सागाची करतात, तेव्हा लाकडाची लायकी नव्याने सिद्ध करायला नको. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण त्यांना भुंगा लवकर लागतो. बीच दिसायला सुरेख, मात्र ओलावा बदलला की फार हलतं, त्यामुळे इथल्या हवेत नेकसाठी नकोच. नेकला मेपल, महोगनी नाहीतर सरळ रेषेचं सागवान घ्यावं.

नेकवर फ्रेट बसतात त्या पट्टीला, म्हणजे फ्रेटबोर्डला, शिसव. जगभरच्या गिटारींवर जे ‘इंडियन रोझवूड’ असतं ते हेच, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं. उत्तरेतून येणारं शिशम हा त्याचा भाऊबंद, रंगाने तांबूस आणि जरा हलका, पण चालतो. दोन्हींची धूळ त्वचेला आणि श्वासाला बाधते, म्हणून घासताना एन-९५ मास्क हवाच. गिटार परदेशात जायची असेल तर एक माहिती उपयोगी पडेल: २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जाती दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आल्या, पण या दोन्हींच्या तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट आहे.

फ्रेटच्या खाचा आखताना एकच नियम पाळायचा: प्रत्येक माप नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, घ्यायचं. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं तर दर खाचेला पाव मिलिमीटर चुकलं तरी बाराव्या फ्रेटपर्यंत तीन मिलिमीटर साचतात. ६४८ च्या स्केलवर पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोबर ३२४ वर. खाचेची करवत साध्या सुताराकडची चालत नाही. खाच ०.५५ ते ०.६ मिलिमीटर रुंद हवी. रुंद झाली तर फ्रेट नुसता बसतो, धरत नाही. अरुंद राहिली तर बावीस पाचरी एकदम ठोकल्यासारखं होऊन नेक मागे कलते.

ओलाव्याचा सगळ्यात लबाड परिणाम इथेच दिसतो. टोकाला ५६ मिलिमीटर रुंद असलेला फ्रेटबोर्ड १७ टक्के ओलाव्यावर फ्रेट लावून घासला आणि पुढे एसीच्या खोलीत ११ वर आला, तर तो रुंदीत अर्धा मिलिमीटर आकसू शकतो. फ्रेट धातूचे, ते आहेत तेवढेच राहतात. दोन्ही कडांना पाव-पाव मिलिमीटर तार बाहेर येते आणि नेकवरून हात फिरवला की करवतीसारखी लागते. ती घासून टाकली तर पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि टोकं आत गेल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा फ्रेटबोर्ड आठवडाभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये ठेवून तिथल्या हवेत मुरवावा, मगच फ्रेट लावावेत. घरच्यांची समजूत ज्याने त्याने काढावी.

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसणारी वाक दुरुस्त करायची सळई, दोन्हीकडे फिरणारा घ्यावा. त्याची खाच साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि ९ खोल, पण रॉड हातात आल्यावर व्हर्नियरने मोजूनच कापावी. सैल झाली तर ठराविक सुरांना नेकमधून खुळखुळ ऐकू येते आणि तेव्हा उघडायला काही उरलेलं नसतं. फ्रेटबोर्ड चिकटवताना रॉडवर पातळ टेप लावायची, म्हणजे गोंद आत उतरत नाही. गोंदाबद्दल मत ठाम आहे: नेकच्या जोडाला साधा पांढरा गोंद नको. तारांचा एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो आणि अशा सततच्या ताणाखाली, त्यातही उन्हाळ्यात, पांढरा गोंद हळूहळू सरकतो. पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद नाहीतर सावकाश वाळणारी इपॉक्सी घ्यावी. पिवळ्या गोंदात पाणी असतं. त्याने फ्रेटबोर्डची खालची बाजू फुगते आणि नेक तात्पुरती वाकते. म्हणून २४ तास क्लॅम्प ठेवावेत आणि उघडल्यावर दोन-तीन दिवस तिला हात लावू नये.

राउटरचं काम टेम्प्लेटवर. १२ मिलिमीटरच्या एमडीएफचा टेम्प्लेट करून बेअरिंगच्या बिटने बॉडी काढायची. आधी जिगसॉने रेषेच्या तीन-चार मिलिमीटर बाहेरून कापून घ्यावं, कारण ४५ मिलिमीटर जाडीत जिगसॉचं पातं खाली गेल्यावर तिरकं धावतं. राउटर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट आणि पोकळीच्या आत घड्याळाच्या दिशेने चालवायचा. एका फेरीत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जायचं नाही. बॉडीची दोन शिंगं निघतात तिथे बिट लाकडाच्या रेषेविरुद्ध जातो आणि ढलपा उडतो. तिथे फेरी एक मिलिमीटरवर आणावी, नाहीतर ड्रम सँडरने घासून घ्यावं. पिकअपच्या (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी वेटोळ्यांच्या) पोकळ्यांतला माल आधी मोठ्या ड्रिल बिटने काढला तर राउटरला निम्मंच काम उरतं आणि शेजाऱ्यांच्या कानांनाही. भुसा काढायला व्हॅक्यूम लावावा. एक्झॉस्ट पंखा बाहेर तोंड करून लावला तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर सागाचा भुसा बसतो आणि विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतो.

नेकची खाच ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ खोल. स्क्रू न लावता नेक धरून बॉडी उचलली आणि ती लटकून राहिली, तर बसणी बरोबर. स्क्रूचं भोक बॉडीत ४.५ मिलिमीटरचं, म्हणजे सैल, आणि नेकमध्ये ३.२ चं ठेवायचं. बॉडीतही स्क्रू पकडला तर तो नेकला ओढण्याऐवजी मध्येच अडवून धरतो आणि कितीही आवळलं तरी कागदाएवढी फट राहते. स्क्रूला मेणबत्ती चोळावी, नाहीतर मेपलमध्ये डोकं तुटतं. ब्रिजची भोकं पाडण्याआधी नटच्या दोन टोकांपासून ब्रिजच्या बाहेरच्या दोन सॅडलपर्यंत (एकेक तार टेकते त्या लहान ठोकळ्यांपर्यंत) शिवणाचे दोरे ताणून बघावेत. दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर असतील तरच ड्रिल हातात घ्यायचं. पातळ ई तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ६४८ वर ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांना मागे जायला वाव राहतो.

एवढं होईतो मे संपत आलेला असतो. कोऱ्या लाकडाने पावसाळा काढला तर आत्तापर्यंतची मापं वाया जातात. म्हणून मेण काढलेल्या लाखेचे दोन हात मारून ठेवायचे, पोकळ्यांच्या आत आणि आडव्या कापाच्या कडांनासुद्धा. लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या. तो रात्रभर विरघळू द्यायचा आणि कपड्याने गाळून घ्यायचा. बाटलीवर तारीख लिहावी, सहा महिन्यांनंतर ती लाख चिकट राहते. मेण काढलेलीच हवी, कारण मेणावर पुढचा पीयू (पॉलियुरेथेनचा थर) धरत नाही. या लाखेचा दुसरा फायदा नंतर कळतो: शिसवाचा आणि सागाचा नैसर्गिक अर्क वरच्या थराला वाळू देत नाही, तो लाखेखाली बंद होतो. यानंतर बॉडी आणि नेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पाकिटांसकट पलंगाखाली.

पावसाळ्यात वायरिंग. पुठ्ठ्यावर पोकळीचा नकाशा काढून त्यावरच सगळं जोडावं आणि हिवाळ्यात उचलून बसवावं. दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपला, म्हणजे हमबकरला, ५०० के (किलोओहम) आणि एकेरी वेटोळ्याच्या सिंगल कॉइलला २५० के पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमी-जास्त करायचं बटण. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर अनुक्रमे २२३ आणि ४७३ छापलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं, पण पॉट घरी आणून मीटर लावावा, कारण २० टक्के इकडेतिकडे चालतंच. चार घेतले तर जास्त भरणारा व्हॉल्यूमला लावायचा. पॉटच्या पाठीवर अर्थिंगच्या तारेला डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. तेवढा पत्रा तापायला ६० वॉट हवेत. कमी उष्णतेत टाकलेला डाग भुरकट दिसतो आणि सहा महिन्यांनी ऐन कार्यक्रमात सुटतो. पोकळीला आतून तांब्याची टेप लावावी. टेपचा गोंद वीजवाहक नसेल तर प्रत्येक सांध्यावर एक ठिपका डाग द्यायचा आणि मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तपासायचं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थिंग बरोबर आहे. वाढली तर जॅकच्या दोन तारा उलट्या आहेत. आणि टेप लावूनही सिंगल कॉइल खोलीतल्या फॅन रेग्युलेटरपाशी कुरकुरणारच, तो तिचा स्वभाव आहे.

आता रंग. आपल्याकडचे पेंटर अजूनही फवाऱ्याच्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीच्या, १९२० च्या दशकात मोटारींवर चढलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं ते नाव. पन्नाशी-साठीच्या दशकांत फेंडरच्या गिटारींवर गेलेले रंगही ड्यूपॉन्टचेच, मोटारींसाठी केलेले. म्हणजे ठाण्यातला गाड्यांचा पेंटर आणि जुनी स्ट्रॅट यांचं गोत्र एकच निघतं.

एनसी, म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज लॅकर, दुरुस्तीला सोपं, घासायला गोड आणि इथल्या हवेत सगळ्यात बेभरवशाचं. ३० अंशांत ८५ टक्के आर्द्रता असली की दव पडायचं तापमान २७ अंश. फवाऱ्यातला थिनर उडताना पृष्ठभाग तीन-चार अंशांनी थंड करतो. झालं, ओल्या लॅकरवर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं आणि मिनिटभरात काळी बॉडी राखाडी होते. ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २१-२२ अंशांवर असतो, तिथपर्यंत थिनर पोचत नाही. हायग्रोमीटर ७० च्या वर असेल तर फवारणी नाही, एवढा साधा नियम पाळावा. थंडीतही सकाळी आर्द्रता वर असते, म्हणून काम दुपारी दोन ते पाचमध्ये. साय धरलीच तर घाबरून घासू नये. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा एक पातळ हात मारला की वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि काळा परत काळा होतो.

साग, महोगनी, अ‍ॅश यांची छिद्रं उघडी असतात, त्यांना आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागते. लाकूड १८० ते २२० च्या पेपरने घासून, रेषेला आडवी लांबी चोळून, उरलेली पुसून दोन दिवस वाळू द्यायची. कमी वाळवली तर महिनाभराने छिद्रं वरून खड्ड्यांसारखी दिसू लागतात. मग सँडिंग सीलरचे दोन हात, रंग आणि वरून लॅकरचे आठ-दहा पातळ हात. दिवसाला तीनच हात, मध्ये दोन तास सोडून. नंतर सगळ्यात कठीण भाग: तीन ते चार आठवडे काही करायचं नाही. लॅकर आकसत असतं. नाक बॉडीजवळ न्यावं, थिनरचा वास येत असेल तर अजून वेळ आहे. मग ८०० पासून २००० पर्यंत वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. कडांवर बोटाने घासू नये, तिथेच रंग फाटतो. स्क्रूच्या भोकांत पाणी गेलं तर लाकूड फुगून लॅकरला गोल चीर पडते, म्हणून भोकं मेणाने बुजवायची. नेकच्या खाचेत रंग जाऊ देऊ नये, तिथे जाड झालेला थर नेक बसवताना कोपऱ्यात तडकतो.

दोन भागांचा पीयू टणक असतो आणि आठवड्याभरात घासता येतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला कायमची अ‍ॅलर्जी लावू शकतं आणि साध्या मास्कने अडत नाही. फ्लॅटमध्ये पीयू फवारू नये, यावर तडजोड नाही. बॉडी स्वतः सीलरपर्यंत आणायची आणि शेवटचे हात वागळे इस्टेट किंवा रबाळे भागातल्या स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्यायचे. त्याला दोन गोष्टी लिहून द्याव्यात: थर पातळ हवा आणि नेकची खाच टेपने बंद ठेवायची. न सांगता दिलं तर तो फर्निचरच्या हिशेबाने जाडजूड थर चढवतो. फवाराच नको असेल तर टंग ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळावं. कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून डब्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

शेवटी फ्रेट समपातळीत आणणं. ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करून फ्रेटच्या माथ्यांवर मार्कर फिरवायचा आणि सपाट पट्टीवर ३२० चा पेपर चिकटवून सगळ्या माथ्यांवरची शाई थोडी थोडी जाईपर्यंत घासायचं. तंबोऱ्याला दोरा घालून मुद्दाम जी जवारी काढतात, तीच इथे नको असते: तार पुढच्या फ्रेटला जेमतेम शिवली की तोच झंकार येतो, फक्त आपल्याला नको त्या सुराला. मग क्राउन फाइलने माथा गोल आणि २००० पर्यंत पॉलिश. स्टील वूल वापरलं तर पिकअप आधी टेपने झाका, कारण त्याचे केस चुंबकाला चिकटले की निघत नाहीत.

तारा १० ते ४६ च्या, म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत मोजलेल्या जाडीच्या. त्या सुरात लावून पहिला आणि सतरावा फ्रेट दाबला की सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली ०.२ मिलिमीटर फट हवी. ती मोजायला मोटार स्पेअरच्या दुकानातलं फीलर गेज. बाराव्यावर पातळ तारेची उंची १.६ आणि जाड तारेची २ मिलिमीटर. दाबलेला बारावा फ्रेट तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा वाजत असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हीच ०.२ ची फट पुन्हा मोजावी. बदललेली असली तर रॉडला एका वेळी पाव फेराच द्यावा, रात्रभर थांबावं आणि सकाळी परत गेज घालून बघावं.